दोन फूट मोकळा ओटा

सहा फुटांचा ओटा घेऊ. मुंबई-ठाणे-डोंबिवलीकडच्या वन रूम किचनमध्ये साधारण एवढाच मिळतो. त्यातले दीड-पावणेदोन फूट सिंकचे. दोन बर्नरच्या शेगडीला दोन फूट. उरले सव्वादोन ते अडीच. आता सिंकशेजारी घासलेल्या भांड्यांची टोपली ठेवा, भिंतीला टेकून मिक्सर ठेवा, तेलाची किटली, मिठाची बरणी, चमच्यांचा स्टँड, साय धरायला ठेवलेलं दुधाचं पातेलं आणि वाफ जिरेपर्यंत तसाच राहिलेला कुकर ठेवा. झाला ओटा भरून. कांदे चिरायचे तर ताट-सुरी घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचं, कणीक मळायची तर परात जमिनीवर घ्यायची. उकळती आमटी उतरवायची वेळ आली की एका हातात सांडशीने धरलेलं पातेलं आणि दुसऱ्या हाताने जागा करायची धडपड. हात भाजतात ते याच क्षणी.

स्वयंपाकघर लहान असल्याची तक्रार बहुतेक वेळा अशी ऐकू येते: सामान ठेवायला जागाच नाही. मला हे पटत नाही. सामानाला जागा कुठेही काढता येते. दारामागे, माळ्यावर, दिवाणाखाली, भिंतीवर. हात चालवायला मात्र ओटा सोडून दुसरी जागा नसते, आणि नेमकी तीच आपण सामानाला देऊन बसतो. म्हणून या प्रकरणात मी सगळं एकाच कसोटीवर घासून बघणार आहे: दिवसाच्या कोणत्याही वेळी ओट्याचे दोन फूट सलग रिकामे सापडतात का? दोनच का, तर दोन फुटांत कणकेची परात आरामात बसते. पोळपाट आणि पोळ्यांचा डबा शेजारी शेजारी बसतात. भाजी चिरायची फळी आणि चिरलेल्या भाजीचं ताट बसतं. त्याहून कमी जागेत यातलं एकच काहीतरी बसतं आणि दुसरं हातात धरावं लागतं.

बसलेला स्वयंपाक, उभा स्वयंपाक

थोड्या जागेत रांधणं ही काही आजची अडचण नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या, त्यातली एकेक खोली १६० चौरस फुटांची. झोपणं, बसणं, मुलांचा अभ्यास, गावाहून आलेले पाहुणे, सगळं त्यातच, आणि मोरीजवळच्या कोपऱ्यात स्वयंपाक. आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत नुसत्या स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट जागा आणि १.८ मीटर रुंदी सांगितली आहे. हे माप चाळीच्या खोलीला लावलं तर खोलीचा एक तृतीयांश भाग स्वयंपाकघरातच गेला असता. तरीही त्या खोल्यांतून बारशाच्या आणि सत्यनारायणाच्या पंक्ती उठल्या.

ते जमत होतं, कारण स्वयंपाक बसून होत होता. पाटावर बसलेल्या बाईचं सगळं स्वयंपाकघर तिच्या हाताच्या टप्प्यात असे. समोर शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह, एका हाताला मिसळणाचा डबा, दुसऱ्या हाताला विळी, मागे पाण्याची कळशी. मध्ये उठायला नको म्हणून लागेल ते सगळं घेऊनच बसायचं. स्वयंपाक आटोपला की विळी मिटून भिंतीशी, पाट उभा, परात मांडणीवर. त्या घरात ओटा नव्हता, रिकामी जमीन हाच ओटा होता. आणि ती रोज रिकामी करावीच लागे, कारण रात्री तिथेच अंथरुणं पडत.

गॅसने स्वयंपाकाला उभं केलं. स्वयंपाकाच्या गॅसची विक्री आपल्याकडे १९५५ साली सुरू झाली, तीही मुंबईतच, बर्मा शेल कंपनीकडून. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर खाली जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्याहून उंच, हा त्याचा पहिला नियम. पाट सुटला, कडाप्प्याचा ओटा आला. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांची सोय झाली, जमिनीवरची धूळ आणि पाणी अन्नापासून दूर गेलं. एक सवय मात्र त्यात गेली. ओट्यावर अंथरूण पडत नाही, त्यामुळे तो रिकामा करायची घाई कुणालाच नसते.

रेल्वेचा डबा आणि वडापावची गाडी

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार कागदावर उतरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये झाला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची भीषण टंचाई होती. नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो छोटी घरं बांधायला घेतली. त्या घरांचं स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी आखलं. अंदाजे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे सत्तर चौरस फूटसुद्धा नाही. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. बाईंनी रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं होतं. एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचं जेवण कसं निघतं, हे बघायचं तर तेच ठिकाण. कोणत्या कामाला किती पावलं पडतात आणि किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजण्याची अमेरिकन पद्धतही त्यांनी वापरली. साखर, तांदूळ यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण केले. मूठ धरून खण बाहेर काढायचा आणि त्याच्याच तोटीने माल ओतायचा. प्रत्येकावर नाव घातलेलं. तोवर आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. तसं दिसतंही. त्या स्वयंपाकघरात दुसरं माणूस उभं राहू शकत नसे, आणि ते नाव घातलेले खण लहान मुलांच्या बरोब्बर हाताशी येत.

आपल्याला हे बघायला फ्रँकफर्टला जायची गरज नाही. कोपऱ्यावरची वडापावची गाडी जरा वेळ उभं राहून बघा. जागा जेमतेम जेवणाच्या टेबलाएवढी. एका टोकाला बटाट्याच्या गोळ्यांची परात, तिला लागून भिजवलेल्या बेसनाचं पातेलं, त्याला लागून कढई. कढईच्या पलीकडे वडे निथळायची चाळण, मग पावाच्या लाद्या, मग सुकी लसणीची, हिरवी आणि चिंचेची चटणी, शेवटी कागद. माल एका टोकाला निघतो आणि दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. मधे कुठेही उलट फिरत नाही. तळलेल्या मिरच्यांचं ताट कढईच्या अलीकडे ठेवून बघा, प्रत्येक वड्यामागे हात तेलावरून आडवा जाईल. गाडीवाल्याने हे कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. त्याचा धंदा मिनिटांवर चालतो म्हणून त्याला ते सुचलं.

ओट्याची ओळ

मोठ्या स्वयंपाकघरांसाठी एक त्रिकोणाचा नियम सांगतात: सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण करा, त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज तेरा ते सव्वीस फुटांत ठेवा. आपल्या सहा फुटी ओट्याला तो लावण्यात अर्थ नाही. इथे पावलं मोजायचा प्रश्नच नसतो, जागेवर वळलं की फ्रिज. इथे महत्त्व ओळीला. धुणं, चिरणं, शिजवणं, उतरवणं, या क्रमाने ओटा लागला पाहिजे. एका टोकाला सिंक, मग मोकळी जागा, मग शेगडी, आणि शेगडीच्या पलीकडे गरम भांडं उतरवण्यापुरती वीतभर जागा. शेगडी भिंतीला चिकटवली की कढईचे कान भिंतीवर आपटतात आणि कालथा फिरवताना कोपर अडतं, त्यामुळे तशीही ती वीत सोडावीच लागते. शेगडी खिडकीसमोर नको. वाऱ्याने ज्योत हलते, कधी विझते. खिडकी सिंकला द्यावी.

उरलेले अडीच फूट दोन्हीकडे सारखे वाटण्याचा मोह होतो. तो टाळावा. सव्वा फूट इकडे आणि सव्वा फूट तिकडे केले की दोन्हीकडे परात मावत नाही. जागा सलग हवी, आणि ती सिंक आणि शेगडीच्या मधेच हवी.

आता या जागेचा सगळ्यात मोठा शत्रू: घासलेल्या भांड्यांची टोपली. ती दीड फूट जागा अडवते, चोवीस तास अडवते, आणि तिच्या खाली कायम पाणी. भांडी रिकामी करून जागेवर लावायची म्हटलं तर ती ओली असतात. पुसायला वेळ नसतो. संध्याकाळपर्यंत पुढची भांडी येतात. टोपली कधीच रिकामी होत नाही. फिनलंडमध्ये मायजू गेब्हार्ड या बाईंनी १९४० च्या दशकात यावर उपाय काढला. सिंकच्या बरोबर वर भिंतीत कपाट, त्याला तळाशी फळीऐवजी तारा. धुतलेली ताटली थेट त्यात उभी करायची. पाणी खाली सिंकमध्येच ठिबकतं, आणि वाळलेली ताटली हलवायला लागत नाही, कारण तीच तिची जागा. फिनलंडच्या घराघरांत आज हे कपाट असतं.

आपल्याकडे हेच काम करणारी वस्तू होती आणि आपण ती मागासलेली ठरवून भंगारात घातली. ती म्हणजे भिंतीवरची स्टीलची मांडणी. ताटांना खाचा, वाट्यांना कप्पा, पेल्यांना आणि कपांना आकडे, सगळं उघडं, सगळं हवेशीर. मोरीच्या वर टांगली की भांडी ओली ठेवली तरी चालतात. बंद कपाटात पावसाळ्यात ओली भांडी गेली की कुबट वास येतो, प्लायवूड फुगतं, झुरळांना घर मिळतं. मांडणीवर धूळ आणि तेलकटपणा बसतो हे खरं. पण रोज वापरातल्या भांड्यांवर धूळ साचायला वेळच मिळत नाही. साचते ती न वापरलेल्या भांड्यांवर, आणि ती मांडणीवर नसावीतच. सिंकच्या वरची भिंत रिकामी असेल तर तिथे दोन फुटी मांडणी किंवा ताटाळं लावा. ओट्याचा दीड फूट एका दुपारीत परत मिळतो. या प्रकरणातली एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा.

फोडणीची जागा दुसरी. तेल तापलं, मोहरी तडतडली, की हिंग-हळद पडेपर्यंत हाताशी काही सेकंद असतात. त्यातच कढीपत्ता, त्यातच मिरची. मिसळणाचा डबा मागच्या कपाटात असेल तर मोहरी करपते, नाहीतर हळद. म्हणून तो शेगडीच्या अगदी जवळ, न वळता हात पोचेल असा. पण शेगडीच्या वर नको. वाफ आणि उष्णता लागून मसाल्यांचा वास उडतो, तिखटाचे गोळे होतात. शेगडीच्या शेजारी, कंबरेच्या उंचीला, ओट्याखालचा पहिला उथळ खण ही त्याची उत्तम जागा. मिसळणाच्या डब्यात आठवड्याचाच मसाला असावा. हिंगाला वेगळी घट्ट झाकणाची डबी, नाहीतर जिऱ्यालाही हिंगाचा वास येतो.

पोळ्यांचं सांगायला हवं, कारण मराठी घरात ओटा सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच अडतो. तवा ज्या बर्नरवर, पोळपाट त्याच बाजूला. तव्याच्या दुसऱ्या बाजूच्या वीतभर जागेत पोळ्यांचा डबा. पिठाचा डबा ओट्यावर आणायचाच नाही. लाटण्यापुरतं पीठ एका वाटीत काढून घ्यायचं. एवढ्याने मोठा डबा काढणं, उघडणं, पिठाच्या हाताने झाकण लावणं आणि मग तो पुसणं ही सगळी उस्तवार वाचते.

मिक्सर रोज लागत असेल तर ओट्याच्या कोपऱ्यात राहू दे, प्लगही तिथेच असतो. दोन दिवसांआड लागत असेल तर त्याची जागा खाली.

वाण, बेगमी आणि सोंडकिडे

भांडी घरात कुठून येतात हे एकदा मोजून बघण्यासारखं आहे. लग्नात रुखवताची आणि आहेराची. वास्तुशांतीला आलेली. श्रीखंडाचे रिकामे डबे, मिठाईचे डबे, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. कधीतरी लागतील म्हणून. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दरवर्षी न चुकता येणारं वाण: प्लॅस्टिकची डबी, चहाची गाळणी, स्टीलची वाटी, किसणी. पंचवीस घरच्या हळदीकुंकवाला गेलं की पंचवीस वस्तू, आणि त्यात सहा गाळण्या. वाण टाकवत नाही, वापरवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून संपणारी वस्तू द्यावी. गूळ, तीळ, खोबरं, हळद-कुंकवाची पुडी, चहापत्ती. देणाऱ्याचंही घर लहान आणि घेणाऱ्याचंही.

भांड्यांहून जास्त जागा धान्य खातं. वर्षाची बेगमी ही आपली जुनी, शहाणी सवय. पीक वर्षातून एकदा यायचं, पावसाळ्यात वाट बंद व्हायची, मग मे महिन्यातच घर भरून ठेवायचं. त्यासाठी घरात कणग्या होत्या, कोठीची खोली होती. शहरातल्या घरात सवय आली, कोठीची खोली मात्र गावाला राहिली. खाली उतरलं की किराणा दुकान आहे आणि ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. तिथला माल दुकानदाराने त्याच्या जागेत, त्याच्या भाड्यात ठेवलेला असतो. तो आपल्या साठ चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात आणून ठेवायची घाई कशासाठी?

याला आणखी एक कारण आहे, आणि ते तांदळातच असतं. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. दुकानातून आणलेला तांदूळ वरून स्वच्छ दिसतो तो त्यामुळेच. आपल्याकडच्या उबदार दमट हवेत अंड्यापासून किडा बाहेर पडायला साधारण महिना लागतो. म्हणजे महिन्याभराचाच तांदूळ आणला तर पुढची पिढी उडायच्या आत तांदूळ संपलेला असतो. दोन-तीन महिन्यांचा आणला की बोरिक पावडर लावा, एरंडेल चोळा, उन्हात घाला, निवडा, ही कामं मागे लागतात; आणि उन्हात घालायला आता गच्ची तरी कुणाकडे आहे? रव्याचं तर महिन्याच्या आतच सुरू होतं. अर्धा किलो आणा, भाजून ठेवा.

पण बेगमी नुसती वेडेपणाची नाही हेही खरं. कोकणातला माणूस मे महिन्यात गावाहून येताना तांदूळ, कुळीथ, आमसुलं आणतो ते काही दुकान लांब आहे म्हणून नव्हे. वर्षाचं तिखट, मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला, कैरीचं लोणचं, कुरडया-पापड हे एकदाच होतं आणि वर्षभर पुरवायचं असतं. त्याला जागा द्यायचीच, पण स्वयंपाकघरातली नको. मोठी बरणी आणि मसाल्याचा मोठा डबा दिवाणात किंवा माळ्यावर, कोरडा आणि अंधारात. स्वयंपाकघरात फक्त पंधरा दिवसांची छोटी बरणी. याचा आणखी एक फायदा आहे. मोठ्या बरणीत रोज चमचा जात नाही, तेव्हा ओला हात लागून लोणच्याला बुरशी धरण्याची भीती जाते.

कांदे-बटाटे ओट्याखालच्या बंद खणात कोंडू नयेत. दोघांनाही वारा हवा, बटाट्याला त्याखेरीज अंधारही हवा. उजेडात तो हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा राहत नाही. दोघांना एका टोपलीत ठेवू नये, बटाट्याला लवकर मोड येतात. जुनं शिंकाळं आठवा. छताच्या आकड्याला टांगलेल्या दोन जाळीच्या टोपल्या जमिनीची एक इंचही जागा घेत नाहीत.

गोल डबे, उंच फळ्या

आपले स्टीलचे डबे गोल असतात. धुवायला सोपे, कोपऱ्यात पीठ अडकत नाही, झाकण घट्ट बसतं. पण भूमितीचा एक हिशेब त्यांच्या विरोधात जातो. चौकोनात बसवलेलं सगळ्यात मोठं वर्तुळ त्या चौकोनाची साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच जागा भरतं. बाकीची साडेएकवीस टक्के डब्यांच्या मधली हवा. फूटभर खोल आणि तीन फूट लांब फळीवर सहा इंचांचे बारा गोल डबे बसतात; त्याच उंचीचे बारा चौकोनी डबे ठेवले तर सव्वापटीहून जास्त माल मावतो. मोठ्या घरात हे हिशेब कुणी करू नयेत. साठ चौरस फुटांत करावेत. डाळी-कडधान्यांना चौकोनी पारदर्शक डबे घ्या, किती उरलं ते न उघडता कळतं. तिखट आणि हळद मात्र स्टीलमध्येच राहू द्या. काचेच्या बरणीत उजेड लागून तिखटाचा लाल रंग उडतो.

फळ्यांमधलं अंतर हा दुसरा चोर. सुतार सवयीने सगळ्या फळ्या पंधरा इंचांवर ठोकतो. डबा असतो सात-आठ इंच उंच. वरची निम्मी जागा रिकामी जाते, नाहीतर डब्यावर डबा चढतो आणि खालचा काढताना वरचा पडतो. आधी डबे मोजा, मग फळ्या. भिंतीवरच्या फळ्यांची खोली फूटभरापेक्षा जास्त नको. मागच्या रांगेतली वस्तू दिसत नाही आणि न दिसणारी वस्तू आपण पुन्हा विकत आणतो.

ओट्याखाली उलट स्थिती. तिथे खोली दोन फूट, आणि मागच्या फुटापर्यंत पोचायला गुडघे टेकावे लागतात. इथे ट्रॉल्या खरोखर उपयोगी. पण विकणारा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. प्रत्येक ट्रॉलीला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सरकपट्टी लागते. शेजारी शेजारी चार अरुंद ट्रॉल्या केल्या की चार इंच पट्ट्यांतच गेले, वर मधल्या फळ्यांची जाडी. दोन रुंद ट्रॉल्या बऱ्या. सिंकखाली ट्रॉली करूच नये, तिथे पाइप असतो आणि तो कधी ना कधी गळतोच. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्याच्या दाराला खाली जमिनीलगत आणि वर जाळी हवी. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आला आहे त्यांना सिलिंडरची फूट-सव्वाफुटाची जागा आयती मिळाली आहे. तिथे तांदूळ आणि कणकेचे डबे जावेत, जुने पेपर नव्हे.

माळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्षातून एकदा-दोनदा लागणारं तिथे जावं: सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, मोठी परात, पंक्तीचे पेले. प्रत्येक खोक्यावर काय आहे ते ठळक अक्षरात, खालून वाचता येईल असं लिहावं. पुरणयंत्र तर शेजारच्या दोन घरांत मिळून एक असलं तरी भागतं. चाळीत असंच चालायचं. होळीच्या दिवशी ते एका दारातून दुसऱ्या दारात फिरत असे.

कोपराची उंची

आता राहिलं ते माप, जे जवळजवळ कुणीच घेत नाही. चिरणं, निवडणं यासाठी ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. कणीक मळायची, पोळी लाटायची तर त्याहूनही खाली, कारण तिथे अंगाचा भार द्यायचा असतो. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७ इंचांवर येतं. म्हणजे तिला ३२ इंचांचा ओटा ठीक. बांधकामवाला बहुधा ३४ इंच देतो. त्यावर शेगडी चार-पाच इंचांची, त्यावर कढई. कालथा धरलेला हात जवळजवळ खांद्याच्या रेषेत येतो आणि अर्धा तास तसाच राहतो. लाटताना खांदे वर चढतात. संध्याकाळी मान दुखते, त्याचं खापर आपण वयावर फोडतो.

ओटा नव्याने बांधत असाल तर शेगडीपुरता भाग चार इंच खाली घ्या. बांधलेला असेल तर उभं राहायला चार इंच उंच, रुंद आणि न घसरणारी लाकडी चौकी करून घ्या. अरुंद पाट नको, पाय चुकला की तोल जातो. लाटण्यासाठी घडीची भिंतीवरची फळी, २८-२९ इंचांवर, हाही चांगला उपाय आहे, आणि ती मिटली की जागा परत मोकळी.

सुताराला बोलावण्याआधी एवढं करा. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला चप्पल घालून किंवा अनवाणी, जसं ते नेहमी उभं राहतं तसं, भिंतीशी उभं करा. हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. आलेला आकडा कागदावर लिहून सुताराच्या हातात द्या. तो स्वतःहून विचारणार नाही.